उपांत्य सामन्यातल्या उलट्या

१

राज्य अजिंक्यपदाचा उपांत्य सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. एल्मडाल हायस्कूलची कप्तान केल्सी हॉल्व्हर्सन चेंडू हातात घेऊन मैदानाच्या मधोमध थांबली, वाकली, आणि अख्खं राज्य टीव्हीवर बघत असताना फरशीवर रंगवलेल्या राज्याच्या नकाशावरच भडाभडा ओकली.

माझ्या मागे बसलेले गृहस्थ उठून ओरडले, "फाउल! फाउल द्या तिला!"

आमचं सगळं गाव त्या प्रेक्षागारात बसलं होतं. एल्मडालमध्ये त्या दिवशी बँक बंद, शाळा बंद, धान्याच्या कोठारालाही कुलूप. नातवंडं असलेली माणसं गालांना जांभळा रंग फासून, डोक्यावर मक्याच्या कणसाच्या आकाराच्या टोप्या घालून आली होती. मुलींच्या बास्केटबॉलवर आमच्याकडे जेवढी भक्ती आहे तेवढी रविवारी चर्चमध्येही दिसत नाही. चर्चमध्ये निदान कुणी पंचांच्या आईबद्दल बोलत नाही.

केल्सीपाठोपाठ आणखी एक मुलगी पोट धरून खाली बसली. मग तिसरी, मग चौथी. पाच जणींच्या पहिल्या फळीतल्या चार जणी दहा मिनिटांत बाद झाल्या. राखीव मुलींच्या बाकावर ब्रिता लुंड नावाची पोरगी होती. ती तर मैदानात पाऊलही न टाकता बादलीत तोंड घालून बसली. तिला पुढे इस्पितळात सलाईन लावावं लागलं.

पहिल्या फळीतली एकच मुलगी उभी राहिली. इफ्रा गुलेद. डोक्याला काळा रुमाल गच्च बांधलेली, उंच, काटकुळी. आईवडील आमच्या टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. कोच नायगार्डने बाकावरच्या चार घाबरलेल्या पोरी तिच्याबरोबर उतरवल्या आणि इफ्रा एकटी पाच जणींचा खेळ खेळली. आमच्या एकोणतीस गुणांपैकी बावीस तिचे. समोरच्यांचे साठ.

गावाच्या वेशीवर अग्निशमन दलाचा बंब स्वागताला उभा होता, तो भोंगा न वाजवता परत गेला. आणि आमची बस गावात शिरायच्या आत गुन्हेगारही ठरला होता.

"बाकीच्या चौघी आडव्या झाल्या," लोक एकमेकांना विचारत होते, "मग ही एकटीच कशी ठणठणीत?"

२

मी एल्मडालच्या साप्ताहिकाची संपादक. वार्ताहरही मीच, फोटो काढणारीही मीच. तीस वर्षं या गावात राहून मला एक गोष्ट कळली आहे: इथे कुणी कुणाशी भांडत नाही. समोर गोड हसतात, "बरं मग, येतो हं" म्हणतात, आणि नंतर तुमच्या गाडीचे दिवे फोडतात.

इफ्राच्या वडिलांच्या व्हॅनचे दिवे दुसऱ्याच दिवशी फुटले. गावच्या कॅफेत तिच्या आईला सांगितलं गेलं की टेबल रिकामं नाही, आणि टेबलं तर सगळी रिकामीच होती. शाळेच्या मंडळाने गुरुवारी खास सभा बोलावली. विषय एकच होता, इफ्राला शाळेतून काढायचं.

हे सगळं गुपचूप उरकलं असतं. पण क्रीडाप्रेमी पालक संघाच्या अध्यक्षांना हाव सुटली. त्यांनी राज्य क्रीडा संघटनेकडे अर्ज केला की आमच्या मुलींवर विषप्रयोग झाला, सबब सामना पुन्हा खेळवावा! म्हणून संघटनेने चौकशीला लॉर्ना टॉफ्टला पाठवलं.

लॉर्ना साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, शेतकऱ्यांच्या बायका घालतात तसला जाड कोट घालणारी. तरुणपणी स्वतः खेळलेली. तिचा एक गुडघा वाकत नाही. मी तिला ओळखत होते, म्हणून माझ्याच घरी उतरली. कॉफीचा पहिला घोट घेऊन म्हणाली, "मार्गो, मुलींचे खेळ मला आवडतात. त्यांचे आईबाप नसते तर आणखी आवडले असते. विष कशात होतं म्हणतायत?"

"आदल्या दिवशीच्या जेवणात. आर्लिसने हॉटेलवर जेवण नेलं होतं."

आर्लिस बर्गलुंड चर्चच्या स्वयंपाकघराची सर्वेसर्वा. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती आणि कांद्याच्या आडून रडतही होती.

"चाळीस वर्षं मी या गावाला जेवू घालतेय," ती म्हणाली. "लग्नं, मयतं, सगळी. एकाचं पोट बिघडलं नाही. पहिल्यांदा माझ्या नावाने बोंब मारली. मग ती पोर सापडली, तर माझ्याशी परत गोड."

"काय केलं होतंस जेवायला?"

"हॉटडिश. दोन परातींत, भट्टीत भाजलेला. एक खिम्याचा, वर बटाटा लावलेला. दुसरा ट्यूना माशाचा, इफ्रासाठी. तिचे रोजे चालू आहेत ना. सूर्य मावळल्यावर तिला खाता येतं, म्हणून मी कोचना म्हटलं, सगळ्यांनाच तेव्हा वाढू. एकटी पोर नंतर काय जेवणार?"

"खिम्याचा कुणी कुणी खाल्ला?"

"बाकी अकराही जणींनी. परात पुसून खाल्ली."

"मग अकरा जणींतल्या सहा जणींना काही झालं नाही, हे कुणी तुला विचारलं?"

आर्लिसची सुरी थांबली. "नाही," ती म्हणाली. "पण लोक आता समोसे म्हणतायत. इफ्राच्या आईने डबाभर दिले होते. ते तर सगळ्यांनी खाल्ले. बसच्या ड्रायव्हरने चार खाल्ले."

बाहेर आल्यावर लॉर्ना म्हणाली, "म्हणजे जेवण नव्हेच. पाच जणींनी असं काहीतरी घेतलं जे बाकीच्यांना मिळालंच नाही. पहिल्या फळीतल्या चौघींना मिळालं आणि बाकावरच्या एकीला. या गावात इतका साधा विचार करायला माणूस बाहेरून आणावा लागतो का गं?"

"नेहमीच," मी म्हटलं.

३

क्रीडाप्रेमी पालक संघाचे अध्यक्ष म्हणजे रँडी हॉल्व्हर्सन. केल्सीचे वडील. बियाण्यांचे आणि ट्रॅक्टरचे मोठे व्यापारी. हायस्कूलच्या जिममध्ये जिकडे बघाल तिकडे त्यांचं नाव: बाकांवर, पाण्याच्या नळावर, दरवाज्यावरच्या पाटीवर. पुढच्या वर्षी चार बाजूंचा नवा गुणफलक ते देणार होते, त्यावरही येणारच होतं. स्वतः शाळेत असताना ते संघात राखीव होते. गेली तीस वर्षं ते त्याचा सूड उगवत आहेत.

त्यांनी आम्हाला जिममध्येच बोलावलं. कोच नायगार्ड शेजारी बसला होता, छडी खाल्लेल्या पोरासारखा.

"लॉर्नाबाई, उगाच वेळ घालवू नका," हॉल्व्हर्सन म्हणाले. "सरळ प्रकरण आहे. मी त्या लोकांच्या विरुद्ध नाही. माझ्या दुकानातून ते सामान नेतात, मी सगळ्यांशी हसून बोलतो. पण या आफ्राच्या मनात पहिल्यापासून केल्सीबद्दल जळफळाट होता. केल्सी कप्तान झाली ना!"

"कुणाच्या मनात?"

"त्या मुलीच्या. आफ्राच्या."

कोचने मान खाली घातली आणि पुटपुटला, "इफ्रा."

"तेच ते."

लॉर्ना कोचकडे वळली. "सामन्याच्या सकाळी मुलींनी काय खाल्लं?"

"हॉटेलात नाश्ता. टोस्ट, अंडी, केळी. इफ्रा अर्थात नव्हती, ती पहाटेच उठून खाऊन घेते. मीच तिच्यासाठी खोलीत फळं ठेवायला सांगितलं होतं."

"आणि बसमध्ये?"

कोच एक क्षण थांबला. फार छोटा क्षण होता तो, पण लॉर्नाने चष्मा काढून पुसला, आणि ती चष्मा पुसते तेव्हा तिला काहीतरी मिळालेलं असतं.

"बसमध्ये काही नाही," कोच म्हणाला. "गाणी ऐकत होत्या."

"सामना परत कधी खेळवणार ते बोला," हॉल्व्हर्सन म्हणाले. "चौकशी काय, आमचं मंडळ गुरुवारी करून टाकेल. तुम्ही फक्त आमची बाजू वर कळवा."

"तुमच्या मुलीची तब्येत कशी आहे?" लॉर्नाने विचारलं.

हॉल्व्हर्सन गोंधळले. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा; त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा. "बरी आहे," ते म्हणाले. "पण हंगाम गेला ना तिचा!"

पार्किंगमध्ये लॉर्ना म्हणाली, "बसचा ड्रायव्हर कुठे भेटेल?"

४

एलरॉय बसच्या खालीच भेटला, पाठीवर झोपलेला. तिथूनच बोलला.

"समोसे ना? खाल्ले की. चार. अजून असते तर अजून खाल्ले असते. मला काय झालंय? बघा."

"सकाळी हॉटेलपासून मैदानापर्यंत बसमध्ये काय घडलं?"

"काय घडणार? पोरी किंचाळत होत्या. पोरी किंचाळतातच." मग तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसू लागला. "हां, एकदा मी दचकलो. मागून फट् असा आवाज आला. मग परत, फट्. मला वाटलं टायर गेला. आरशात पाहिलं तर पोरी खिदळतायत आणि सीटवर पिवळं काहीतरी सांडलंय. ते लिंबाचं पितात ना खेळाडू, ते. अजून डाग गेला नाही, दाखवू?"

"त्या पेयात गॅस असतो?"

"छे. पाणीच ते. साखर, मीठ आणि रंग."

"मग फट् कशाने झालं?"

एलरॉयने डोकं खाजवलं. "ते मी नाही विचारलं. आणि बसची सफाई कोचनीच केली त्या दिवशी. इतकी वर्षं मी या माणसाला नेतोय, केळीची साल कधी उचलली नाही त्याने. त्या दिवशी सामना संपल्यावर स्वतः पिशवी घेऊन आला, सीटांखाली वाकून वाकून कचरा गोळा केला आणि तिकडेच टाकून आला. मला वाटलं, हरल्याचं दुःख झालंय."

सीटवरचा डाग सुकून त्याला पांढरी कड आली होती. लॉर्नाने नखाने खरवडून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. मला काही सांगितलं नाही. म्हणाली, "आता त्या मुलीकडे."

गुलेदांचं घर रेल्वेच्या रुळांपलीकडे. इफ्राच्या आईने, साहराने, दार उघडलं, पण साखळी काढली नाही. लॉर्नाने आपलं नाव सांगितलं. साहरा मला ओळखत होती. बऱ्याच वेळाने साखळी निघाली.

इफ्रा सोफ्याच्या कडेवर बसली. गुडघ्यावर गणिताचं पुस्तक. शाळेने तिला सभेपर्यंत घरीच बसायला सांगितलं होतं.

"मी तो सामना पाहिला," लॉर्ना म्हणाली. "दुसऱ्या सत्रात तू डावीकडून आत घुसलीस, दोघींच्या मधून, आणि उलट्या हाताने टाकलास. ते कुणी शिकवलं?"

इफ्रा इतका वेळ तयारीत होती, शिव्या ऐकायच्या तयारीत. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "कुणी नाही. कारखान्याच्या मागे एकच बास्केट आहे, वाकडं. तसंच टाकावं लागतं."

"बसमध्ये तुला बाटली मिळाली होती ना?"

इफ्राने आईकडे पाहिलं. साहराने आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. मग इफ्रा अगदी हळू म्हणाली, "केल्सीने वाटल्या. पाचच होत्या, पहिल्या फळीसाठी. वर नावं होती. म्हणाली, ही आपली खास गोष्ट, बाकीच्यांना सांगायचं नाही, जिंकेपर्यंत कुणालाच नाही. माझ्या बाटलीवर 'आफ्रा' लिहिलं होतं."

"आणि तू प्यायली नाहीस."

"रोजा होता. म्हणून मी..." तिने पुस्तक मिटलं. "ब्रिता शेजारी बसली होती. ती म्हणाली, मला दे, तुला काय करायचंय. मी दिली. बाई, मी दिलेल्या बाटलीने ब्रिता इस्पितळात गेली. हे मी सांगितलं तर काय म्हणतील? म्हणतील, बघा, हिनेच विष पाजलं. स्वतःच कबूल केलं."

साहराने पोरीचा हात धरला. लॉर्ना उठली.

"कुणाला काही सांगू नकोस," ती म्हणाली. "गुरुवारी सभेला ये. पुढच्या रांगेत बस. आणि मान खाली घालू नकोस, मला ते बघवत नाही."

५

बुधवारी लॉर्ना केल्सीला भेटायला गेली. दारात हॉल्व्हर्सनबाईच उभ्या राहिल्या: पोरीला विश्रांती हवी आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. जिन्यावर केल्सी उभी होती. चेहरा उतरलेला, तोंड उघडून काहीतरी बोलणार इतक्यात आईने दार लावून घेतलं. बाकीच्या तीन मुलींच्या घरीही तेच. ब्रिताच्या बापाने तर आम्हाला वकिलाची धमकी दिली. आपली मुलगी मरता मरता वाचली ती कशाने, हे जाणून घ्यायचं नसलेला बाप मी त्या दिवशी पाहिला. त्याचं ट्रॅक्टरचं कर्ज हॉल्व्हर्सनकडे होतं.

"तुला कळलंय ना काय झालं ते?" मी लॉर्नाला गाडीत विचारलं.

"काय झालं ते काल बसमध्येच कळलं. कुणी केलं ते त्या मुलीने सांगितलं, तिच्याही नकळत."

"मग आत्ताच का नाही बोलत?"

"कारण आत्ता बोलले तर उद्या हे लोक म्हणतील, बंद दाराआड काहीतरी मिटवलं. यांना सगळ्यांसमोर ऐकू दे."

६

सभा जिममध्ये झाली, कारण वाचनालयात माणसं मावली नसती. पालक संघाच्या बायकांनी केक आणले होते. एका मुलीचं शिक्षण बंद करायला जमलेल्या लोकांसाठी लिंबाचा केक आणि कॉफी! पुढच्या रांगेत वडील गुलेद, आई साहरा आणि त्यांच्या मधे इफ्रा. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. थोड्या वेळाने आर्लिस आली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि इफ्राच्या बाजूला जाऊन बसली.

शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांनी लॉर्नाला बोलायला सांगितलं.

"जेवणात काही नव्हतं," लॉर्ना म्हणाली. "तेच जेवण जेवलेल्या सहा मुली ठणठणीत आहेत. समोशांतही नव्हतं. ते बाराही जणींनी खाल्ले. जे काही पोटात गेलं ते सामन्याच्या सकाळी, बसमध्ये."

हॉल्व्हर्सन ताडकन उठले. "तेच तर मी म्हणतोय! चौघींनी आपापली बाटली संपवली आणि हिने स्वतःची ब्रिताला दिली. आत काय आहे ते माहीत असल्याशिवाय कुणी देईल?"

गर्दीतून "बरोबर!" असा आवाज आला. लॉर्नाने चष्मा काढला.

"बाटली?" ती म्हणाली. "हॉल्व्हर्सनसाहेब, बाटलीचं नाव तर मी अजून काढलंच नव्हतं. कोचने मला सांगितलं, बसमध्ये काही नाही. आजारी पडलेल्या पाचही मुली गप्प आहेत. तुम्हाला कसं कळलं?"

"मला... केल्सीने सांगितलं. घरी. बापाला सांगणार नाही का?"

"शक्य आहे," लॉर्ना शांतपणे म्हणाली. "मग आत काय होतं तेही बघू."

तिने कोटाच्या खिशातून लिंबाच्या पेयाची बाटली काढली, दुसऱ्या खिशातून पिठासारखी पांढरी पूड. दोन चमचे बाटलीत टाकले, झाकण लावलं आणि हलवलं. सगळे बघत होते. फट् करून झाकण उडालं आणि पिवळा फेस केकवर सांडला. एलरॉय मागून ओरडला, "हाच आवाज! हाच!"

"खायचा सोडा," लॉर्ना म्हणाली. "तुमच्या प्रत्येकाच्या फडताळात आहे. काही धावपटू शर्यतीआधी घेतात, स्नायू लवकर थकत नाहीत म्हणे. मोजून घेतात, डॉक्टरांना विचारून, आणि तरी त्यांची पोटं बिघडतात. इथे कुणीतरी कुठेतरी वाचलं आणि पळीपळीने टाकून ढवळलं. लिंबात सोडा फसफसतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. बसच्या सीटवर त्याचा क्षार अजून आहे. विष नव्हे हे. हा तर पराक्रम! आपलाच संघ अजिंक्य करायला निघालेल्या माणसाचा."

लॉर्नाने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"आता तो माणूस कोण? त्याने पाच बाटल्या भरल्या, पाच नावं लिहिली. एक इफ्राची. मंडळी, ज्या मुलीने दिवसभर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही तिच्यासाठी सकाळची बाटली कोण भरेल? आर्लिस नाही, तिने तर इफ्रासाठी सगळ्यांचं जेवण लांबवलं. कोच नाही, त्याने पहाटेची फळं ठेवली. संघातल्या मुली नाहीत, त्या महिनाभर हिच्याबरोबर सराव करतायत. ही मुलगी उपाशी पोटी तुमच्यासाठी खेळतेय, हे ज्याला कधी कळलं नाही, कळून घ्यावंसं वाटलं नाही, असा माणूस. ज्याला तिचं नावही येत नाही. बाटलीवर लिहिलं होतं 'आफ्रा'."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. गेला आठवडाभर कॅफेत, बँकेत, दुकानात ते नाव तसं एकच माणूस घेत होता.

"अहो, ही कसली चौकशी!" हॉल्व्हर्सनचा चेहरा बिटासारखा झाला. "कुणीही लिहील! कोचला विचारा, कचरा त्याने टाकला!"

कोच नायगार्ड उभा राहिला. त्याला बोलायचं नव्हतं, पण आपल्यावर येतंय हे पाहून त्याला कंठ फुटला. "मी फक्त बाटल्या टाकल्या, रँडी. तुझं अक्षर ओळखलं म्हणून टाकल्या. तूच म्हणालास, गप्प राहा, गुणफलकाचं बघू मग."

"कोच, तुम्हाला पहिल्याच दिवशी माहीत होतं?" आर्लिसने विचारलं. "आणि तुम्ही या पोरीला सगळ्यांच्या तोंडी दिलंत?"

कोच बसला. त्या माणसाबद्दल यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही.

तेवढ्यात वरच्या बाकांवरून केल्सी खाली आली. रडून रडून डोळे सुजलेले. "बाबा, पुरे आता," ती म्हणाली. "मी सांगते म्हटलं तर म्हणालात, तुला कॉलेजचा संघ हवाय ना. मला नकोय." मग ती इफ्रासमोर उभी राहिली.

"उलटी झाली तेव्हा मी तुझे केस धरले होते," इफ्रा म्हणाली. "तेव्हाच सांगायचंस."

७

आता तुम्हाला वाटेल, गावाने माफी मागितली असेल.

संघटनेने हॉल्व्हर्सनना दोन वर्षं कुठल्याही शालेय सामन्याला यायला बंदी केली. त्यावर गावात हळहळ झाली. "चुकलं त्याचं, पण मनात वाईट नव्हतं," लोक म्हणाले. "मुलींसाठीच केलं बिचाऱ्याने." बंदी लागू व्हायच्या आधी त्यांच्यासाठी पॅनकेकची न्याहारी ठेवली होती, मोठी गर्दी झाली. नायगार्ड कोच राहिला. गुणफलक आला. ब्रिताच्या बापाने इस्पितळाचं बिल कुणाला दाखवलं नाही.

इफ्राला काढण्याचा ठराव मागे घेतला गेला. तिला काढणार होतो असं कुणी कबूल करेना. म्हणे चर्चाच करणार होतो. गुलेदांच्या दाराशी कोणी फिरकलं नाही. आर्लिस तेवढी गेली, ट्यूनाचा हॉटडिश घेऊन. आणि केल्सी. ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा साहराने तिला आत घेतलं. कारखान्याच्या मागच्या वाकड्या बास्केटवर दोघी खेळताना मी त्या उन्हाळ्यात पाहिलं. बोलत नव्हत्या, नुसत्या खेळत होत्या. ऑगस्टमध्ये गुलेद कुटुंब शेजारच्या तालुक्यात राहायला गेलं.

पुढच्या मार्चमध्ये विभागाच्या अंतिम सामन्यात आमची गाठ त्याच तालुक्याच्या शाळेशी पडली. हिरव्या पोशाखात, डोक्याला हिरवा रुमाल बांधून इफ्रा उतरली. पहिल्या सत्रातच आमची दाणादाण उडाली. ती आत घुसत होती, बाहेरून टाकत होती, चेंडू हिसकावत होती, आणि आमच्या पोरी तिच्यामागे नुसत्या धावत होत्या. मागच्या वर्षी ती मैदानात एकटी उरली होती. आता तिच्याबरोबर चार जणी होत्या आणि ती त्यांना हसून हसून चेंडू देत होती.

आमच्या गावाचा मोठा दोष म्हणजे त्याला जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय राहवत नाही. चौथ्या सत्रात सामना हातचा गेल्यावर शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी ती सभा बोलावली होती, पुढे वाकले आणि समोरच्या रांगेतल्या परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ती बावीस नंबरची पाहिलीत? आमच्या गावची आहे ती. आम्हीच तयार केली."

त्या माणसाच्या शेजारची बाई वळली. साहरा होती. अध्यक्षांनी तिला ओळखलं नाही. त्यांनी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"कुठलं गाव?" साहराने विचारलं.

"एल्मडाल!" अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले.

साहराने क्षणभर आठवल्यासारखं केलं.

"नाही," ती म्हणाली. "कधी ऐकलं नाही."

आणि ती पुन्हा आपल्या मुलीचा खेळ बघू लागली.